घंटा वाजली म्हणून घागरी घेऊन पळालो

आज सकाळी चर्चची घंटा वाजली आणि आमची अख्खी मालधक्का गल्ली घागरी घेऊन पळाली. बाहेरच्यांना हसू येईल, म्हणून सांगते.

आमच्याकडं रविवार सोडून घंटा वाजली की अर्थ एकच: चर्चच्या विहिरीत पाणी साचलंय, या. निजामाच्या काळातलं दगडी चर्च आहे आमचं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे इथंच रांगेत होतो. पहिली कळशी कमिटीतल्या डॅनियलकाकांची असायची.

मग आमचं गाव नवा जिल्हा होणार अशी हवा उठली, जागेचे भाव चढले. जुनी गोदामं पाडून चर्चच्या आवारापर्यंत कॉम्प्लेक्स बांधायचं ठरलं. काका घरोघर फिरले. "विहिरीला कुणी हात लावणार न्हाई, माझी जबान हाय." त्या जबानीवर आम्ही कॉम्प्लेक्सच्या संमतीपत्रावर सह्या केल्या.

आज बघतो तर बांधकामाभोवतीचे पत्रे काढलेले, मांडव, हार, फीत! घंटा कॉम्प्लेक्सच्या उद्घाटनाची होती. विहीर बुजवून वर फरशी, फरशीवर पार्किंग. यंदाही नळ कोरडेच आहेत.

"काका, विहीर?" मी विचारलं.

"नळाला पाणी येणार हाय की," म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शेजारच्या जैनब खाला, म्हणजे आमच्या मावशीच, त्यांनी आपली घागर फरशीवर ठेवली, विहीर होती तिथंच. "राहू दे, माझा नंबर हाय."

आत्ता संध्याकाळी बघून आले. खालांच्या घागरीमागं गल्लीभरच्या घागरींची रांग लागलीय. काकांची कळशी तेवढी नाही.

तुम्हीच सांगा, तिची जागा धरून ठेवायची का?