यानाबाह मावशीच्या तोंडाचा पट्टा

खाली नदीकाठी यानाबाह मावशी ओरडली, की वर कड्यावरच्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळायचं. सत्तरी उलटली तरी त्या आवाजाला उतार नव्हता. मूलबाळ नाही. होती ती पीचची सत्तावीस झाडं. तिच्या पणजीच्या काळात अमेरिकी सैनिकांनी आमच्या दरीतली पीचची झाडं तोडून टाकली, आणि पणजीनं लपवलेल्या कोयींतून ही पुन्हा उभी राहिली. "माझ्यामागे यांना पाणी कोण पाजणार?" हा मावशीला एकच घोर. आम्ही भाचरं चिनली गावात नोकऱ्या करणारी. तिनं विचारलं, की आम्ही ढग बघायचो.

त्या वर्षी माझ्या बहिणीला, लोरिनाला, मुलगी झाली. आम्हा नवाहो आदिवासींमध्ये बाळाला पहिल्यांदा जो हसवेल, त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. आणि बाळ त्याच्याच वळणावर जातं, असं म्हणतात. त्यामुळे लोरिना डोळ्यांत तेल घालून पहारा करत होती. मी पडलो चिक्कू मामा, म्हणून मला पाच हात लांब ठेवलेलं. मावशीला तर सक्त ताकीद.

"पोरीला गुदगुल्या करायच्या नाहीत हं, मावशी. वेडावून दाखवायचं नाही."

"का गं? मी काय कोल्हीण आहे?"

"कोल्हीण परवडली. पोरगी तुझ्यासारखी भांडकुदळ निघाली, तर शाळेतून रोज बोलावणं येईल मला."

"बरं," एवढंच मावशी म्हणाली, तेही हळू आवाजात. तिला किती लागलं ते त्यावरूनच कळलं. बाळानं आपल्यामुळे हसावं आणि झाडांचं वेड तिच्यात उतरावं, ही तिची आस मला ठाऊक होती.

एप्रिलमध्ये बहर आला तेव्हा आम्ही दरीत उतरलो. झाडांवर पान दिसत नव्हतं, नुसता गुलाबी फुलोरा. बाळाला फळीच्या उभ्या पाळण्यात बांधून एका खोडाला टेकवलं. मावशी दहा पावलांवर, पाठ फिरवून, हाताची घडी घालून बसली. दिलेला शब्द पाळत होती बिचारी. मला बघवेना.

तेवढ्यात शेजाऱ्याची शेळी आली आणि तिनं नव्या रोपाचा फुललेला शेंडा तोंडात धरला.

"अगं ए उंडगे! सोड! सोडतेस की नाही!"

मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटला. ती घागरा सावरत धावली. बूट काढून फेकला, तो शेळीऐवजी फांदीला लागून तिथंच अडकला, आणि पाकळ्यांचा सडा पडला मावशीच्याच डोक्यावर. शेळी कधीच पसार झाली होती. मावशी एका पायावर उभी राहून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

आणि मागून बाळ खळखळून हसलं.

लोरिनानं कपाळाला हात लावला. मावशीचं तोंड एवढंसं झालं. "मी नाही गं! शेळीनं हसवलं. तिच्या मालकाला सांग जेवण घालायला."

बाळ मावशीकडे बघून पुन्हा हसलं. लोरिनानं मावशीच्या केसांतली एक पाकळी उचलली. मग म्हणाली, "शेळीला कुठं येतोय रस्सा करायला? मेंढा काप, मावशी."

मावशी रडली. तेही अख्ख्या दरीला ऐकू जाईल असं.

चौथ्या दिवशी जेवण झालं. मटणाचा रस्सा, तळलेली रोटी, मावशीनं जपून ठेवलेले सुके पीच. रीतीप्रमाणे बाळाच्या इवल्या हातानं तिनं प्रत्येक पाहुण्याला मीठ दिलं. मला दोनदा.

"हात सैल सुटावा म्हणून. तुला एकदा देऊन भागायचं नाही, चिक्कू!"

परवा मी कड्यावरून उतरत होतो. यंदाही बहर जोरात आहे. खालून आवाज आला, "अगं ए उंडगे!" मी वरूनच ओरडलो, "मावशी, शेळी माझी नाही हं!"

खाली पोचलो तर मावशी झाडाखाली निवांत कॉफी पीत बसलेली. पाटाला पाणी सोडलेलं होतं. आणि पाटापलीकडे सात वर्षांची माझी भाची, कंबरेवर हात ठेवून, एका पायावर उभी होती.