ओटी न भरलेली लेक

काचेचा दरवाजा वीतभर सरकला आणि त्या फटीतून वहिनींनी ताट बाहेर दिलं.

"अगं, तू इथेच बस हं डेकवर. आत गर्दी आहे."

आत कसली गर्दी? निम्मा सोफा रिकामा होता, मला काचेतून दिसत होता. बायका होत्या आपल्याच, पुण्या-मुंबईच्या. कुणी फार्मसीत, कुणी आयटीत. गौरी जेवून झाल्या होत्या आणि ओट्या भरणं चाललं होतं. खण, नारळ, तांदूळ. गौरीच्या शेजारी खुर्चीत आई बसल्या होत्या. त्यांना आंघोळ मी घातली होती. इरकल मी नेसवली होती, गुडघ्यावर बसून, एकेक निरी धरून. त्याच निऱ्यांवर हात ठेवून त्या काचेतून माझ्याकडं बघत होत्या.

एका बाईनं विचारलं, "ही कोण गं?"

वहिनी म्हणाल्या, "ही होय? ही आईंचं बघते."

बाहेर त्या उघड्या लाकडी ओट्यावर वारा असा की पुरणपोळीवरचं तूप थिजलं. मी ताटात बोट घातलं नाही. नंतर वहिनी भांडी द्यायला आल्या, तेव्हा ताट तसंच बघून म्हणाल्या, "रागावलीस का? अगं, तुम्ही तर बुद्धिस्ट ना? तुमच्यात कुठं असतं हे सगळं! म्हणलं, उगाच तुला ऑकवर्ड नको."

खरं आहे. आमच्यात गौर बसत नाही. आमच्या जालन्याच्या घरात भिंतीवर तसबीर कुणाची ते सांगायला नको. मला ओटीची हाव नव्हती हो. पण एकदा कुणी विचारलं असतं, तर नको म्हणायचा मान तरी मला मिळाला असता.

भांडी घासली मी. घासलीच.

माउंट रॉस्किलच्या त्या घरामागं एक स्लीपआउट होतं. म्हणजे अंगणातली सुटी खोली, एक पलंग, एक खिडकी. दिवसा मी एजन्सीमार्फत घरोघरी म्हाताऱ्या माणसांची कामं करायची. दादांनी, म्हणजे त्या घरच्या मालकांनी, पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे मूळचे कुठले?" मी जालना सांगितलं. "नाही, म्हणजे..." असं म्हणून ते थांबले आणि हसले. "आम्ही तसलं काही मानत नाही." जो मानत नाही तो विचारतो कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. ऑकलंडमध्ये छप्पर पाहिजे होतं.

ठरलं असं, की सकाळ-संध्याकाळ आईंचं सगळं मी करायचं. भाडं नाही, पगार पण नाही. "घरच्यासारखं राहा," दादा म्हणाले. "मला दादा म्हण, हिला वहिनी, आईंना आई. परदेशात आपली माणसं म्हणजे एकच घर." माझ्यापेक्षा वयानं लहान माणूस, पण मी दादा म्हणायला लागले. मला मात्र त्या घरात नावानं कुणी बोलावलं नाही. "अगं ऐक ना." "जरा ये गं." झालं.

आई कशा होत्या? काय सांगू. देवाच्या फळीला हात लावू द्यायच्या नाहीत. "तिथं राहू दे, मी करते," म्हणायच्या आणि थरथरत्या हातानं स्वतः निरांजन पुसायच्या. पण जेवायच्या माझ्या हातानं. संडासातून उठायच्या माझ्या खांद्यावर. संध्याकाळी मी मागचं दार उघडलं की कडी वाजायच्या आत आतून हाक यायची.

"आलीस का गं?"

दिवसभर वाट बघितलेल्या माणसाची हाक. माझ्या लग्नाच्या नवऱ्यानं कधी अशी मारली नव्हती. त्या हाकेसाठी मी बसस्टॉपवरनं भराभर चालत यायची. खोटं कशाला बोलू?

माझी स्वतःची आई गावच्या शाळेचं अंगण झाडायची. ती सांगायची, "बये, तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नको. नावानं तीनदा हाक येऊ दे. नाव न घेता बोलावतं ते माणूस नसतं." मी हसायची तिला.

ती गेली त्याचा फोन आला तेव्हा मी आईंच्या पाठीला साबण लावत होते. हात ओले होते म्हणून फोन उचलला नाही. मग कळलं. दादांना सांगितलं तर म्हणाले, "आता जाऊन काय करणार तू? सगळं उरकलेलं असेल. आणि आईंना नवीन माणसाची सवय नाही." मी गेले नाही. माझी आई मातीत गेली तेव्हा मी त्यांची आई पुसून कोरडी करत होते. त्या दिवशी आईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नुसता ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. हे मी मुद्दाम सांगते. नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल तुम्हाला.

गौरीनंतर थोड्याच दिवसांनी आई न्हाणीघरात पडल्या. घरात मी एकटी. तोंड वाकडं झालेलं, एक बाजू गेलेली. मी ओरडत होते, "आई! आई, माझ्याकडं बघा!" अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले तरी ओरडत होते. त्यातल्या एकानं माझा खांदा धरला. "आई? व्हॉट्स दॅट?"

मी म्हणलं, "आई मीन्स मदर."

"स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे इथलं "ठीक आहे", आणि लिहून घेतलं. डॉटर.

आता बघा. आपल्याकडं कुणालाही आई म्हणतात. सासूला, शेजारणीला, एस्टीत शेजारी बसलेल्या म्हातारीला. "आई, जरा सरकता का?" म्हणलं म्हणून काय तिच्या पोटी जन्म घेतला होय? पण त्या गोऱ्या पोराला हे कुठनं माहीत असणार! त्यानं विचारलं, मी अर्थ सांगितला, आणि मी लेक झाले.

आई वाचल्या, पण घरी आल्या नाहीत. मानेपासून पायापर्यंत सगळं दुसऱ्यानं करावं लागत होतं, म्हणून रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात गेल्या. बोलणं गेलं. एक वाक्य तेवढं राहिलं तोंडात.

"आलीस का गं?"

नर्स आली, आलीस का गं. चहाची गाडी आली, आलीस का गं. टीव्हीवर बाई दिसली तरी आलीस का गं. आणि मी गेले की तेच, पण डोळ्यांत पाणी. काम सुटल्यावर बस बदलून मी तिथं जायची. दादा रविवारी यायचे, मोबाईल बघत बसायचे.

मग एक दिवस दादा स्लीपआउटमध्ये आले. एवढ्या काळात पहिल्यांदा. हातात मिठाईचा डबा.

"ताई," ते म्हणाले.

माझ्या अंगावर काटाच आला. ताई! आजवर "अगं ऐक ना"वर भागलं होतं की.

गोष्ट अशी होती. आईंना कायमचं इथं आणताना दादांनी सरकारला लिहून दिलं होतं, की हिचा सगळा खर्च मी बघीन, तुमच्यावर भार टाकणार नाही. आता रेस्ट होमचा खर्च सरकार करत होतं आणि तो दादांकडून वसूल करणार होतं. ज्या नातलगाकडून वसूल करायचं त्याला ते लोक म्हणतात लायबल रिलेटिव्ह. म्हणजे देणेकरी नातलग. आणि हॉस्पिटलच्या नोंदीत आईंना मुलं दोन. एक मुलगा, एक मुलगी.

"तुझं नाव लागलंच आहे तिथं," दादा म्हणाले. "आपण कुठं लावायला गेलो? मीटिंगला ये आणि फक्त मान हलव. दोघं असलो की वाटणी होते म्हणतात. तुझा पगार केवढा, तुझ्याकडून काय घेणार ते? आणि नाही जमलं तर तू त्यांना इथं स्लीपआउटमध्ये ठेवून घे. लेक सांभाळते म्हणल्यावर प्रश्नच मिटला."

मी डबा हातात घेतला नाही. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पलंगावरनं खिडकीपर्यंत. "या जागेचं पण बघायला लागेल ना पुढं," म्हणाले. आणि डबा ठेवून गेले. काजूकतली होती. माझ्याच्यानं खाववेना.

मीटिंग रेस्ट होममध्येच होती. खोलीवर पाटी, फॅमिली रूम. दादा, वहिनी, मी. चाकाच्या खुर्चीत आई. आणि सरकारी ऑफिसातली बाई. इथल्या मूळच्या माओरी लोकांतली होती, केस पांढरे. "किया ओरा" म्हणाली, म्हणजे त्यांचा नमस्कार, आधी आईंना, मग आम्हाला. नंतर माझ्याकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही यांची मुलगी. नाव कसं उच्चारायचं तुमचं?"

मी सांगितलं. तिनं हळू उच्चारलं, चुकलं, पुन्हा उच्चारलं. बरोबर आलं तेव्हा थांबली. सरकारचं माणूस वसुलीला आलं होतं आणि माझं नाव नीट घेत होतं. तिची काही माया नव्हती हो माझ्यावर. वसुली गळ्यात बांधायला नाव बरोबर लागतं. पण ते नाव माझ्या आईनं ठेवलेलं, आणि ते ऐकलं तसा माझा कणा ताठ झाला.

"म्हणजे मुलगी तुम्हीच ना?" तिनं पुन्हा विचारलं. मी आईंकडं बघितलं, तसे दादा घाईनं म्हणाले, "इन आवर कल्चर, शी इज अ डॉटर."

आवर कल्चर! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी त्यांच्याकडं वळले आणि मराठीत विचारलं, "लेक ना मी, दादा? मग गौरीला माझी ओटी का नाही भरलीत?"

वहिनींनी मान खाली घातली. दादा पुटपुटले, "आत्ता काय त्याचं इथं? घरी बोलू."

"कुठल्या घरी? आतल्या का डेकवरच्या?"

त्या बाईला शब्द कळत नव्हता, पण आमची तोंडं दिसत होती. तिनं पेन खाली ठेवलं. "काय म्हणालात तुम्ही?"

ओटीला इंग्रजीत काय म्हणतात, मला येत नाही. ओटीला मी लायक नव्हते आणि वसुलीला लायबल होते, हे तिला कसं सांगू? मी साधं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा. "धिस लेडी इज नॉट माय मदर. माय मदर इज डेड. आय वर्क इन देअर हाऊस. नो पे."

दादा उठून उभे राहिले. वहिनी "अगं, अगं" करायला लागल्या. आणि त्या गोंधळात खुर्चीतनं आवाज आला.

"आलीस का गं?"

आई माझ्याकडं बघत होत्या. वाकड्या तोंडानं, पण सरळ माझ्याकडं. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. त्यांचा बरा हात खुर्चीवरनं उचललेला, माझ्या बाजूला. तोच हात, जो माझ्या डोक्यावर होता. एवढंच करायचं होतं मला, की जवळ जाऊन म्हणायचं, आले, आई. ओठावर आलं होतं. पण समोर दादा उभे, आणि त्या एका शब्दाची वाट बघत होते. मी आई म्हणलं की झाली लेक.

मी ओ दिली नाही.

हात तसाच हवेत राहिला. शेवटी नर्सनं तो धरून मांडीवर ठेवला.

ऑफिसातल्या बाईनं मुलगी हा शब्द खोडला. पगाराचं बोलली ते एवढंच, की ते ऑफिस वेगळं, तिथं जा. मी त्याच आठवड्यात ती खोली सोडली, आणि रेस्ट होमला जाणंही. आता अवोन्डेलला राहते, तिघीजणींत एक घर. त्या दुसऱ्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून आले. त्यांचं काय व्हायचं ते होईल. मी बोलावतील तेव्हा जाणार आहे.

मध्यंतरी रविवारच्या बाजारात ती बाई भेटली, "ही कोण गं?" विचारणारी. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी. ती म्हणाली, "आई गेल्या, कळलं का? शेवटपर्यंत दाराकडं बघून तेच एक म्हणत होत्या." मग जरा थांबून, "त्या म्हाताऱ्या माणसासमोर तसं बोलायचं होतं का गं? माणुसकी म्हणून काही असते."

"असते ना," मी म्हणलं. "त्या दिवशी ताटाबरोबर तुम्ही बाहेर ठेवली होती. थिजली."

ती गेली. मी कोथिंबीर घेतली की नाही, आठवत नाही. घरी आले तेव्हा हात रिकामे होते.

आई मला सोडत नाहीत. एजन्सीच्या कामाला कुणाच्याही घरी गेले, कुलपात किल्ली फिरवली की आतून येतंच. आलीस का गं? आत एखादा गोरा म्हातारा असतो, रेडिओ लावून बसलेला. त्यानं तोंडही उघडलेलं नसतं. मी दारात थांबते.  कधी कधी तर वाटतं, एकदा म्हणून टाकावं, आले, सुटेल बिचारी. रडते मी, बसस्टॉपवर, उघड रडते. त्या हवेतल्या हाताचं मला वाईट वाटतं आणि ते मरेपर्यंत वाटणार आहे.

पण कुणाला आई म्हणणं मी सोडलं आहे. नावानं हाक मारते, मिसेस अमुक, मिस्टर तमुक. त्यांनी माझं नाव घ्यायचं, चुकलं तर पुन्हा घ्यायचं. काम करीन, जीव लावून करीन, आणि त्याची मजुरी घेईन. घरच्यासारखं कुठं राहणार नाही.

आणि ती हाक? येऊ दे. रोज येऊ दे. तीनदा काय, तीनशेदा येऊ दे. जिच्यात माझं नाव नाही, त्या हाकेला मी ओ देणार नाही.