अर्लीनची तीन मिनिटं

ब्रेझ्निक गावात कुणाची गाय हायवेवर गेली, कुणाची गाडी खड्ड्यात गेली, हे आधी अर्लीन वोबोरिलला कळायचं, मग देवाला. तिच्या फ्रिजवर एक काळा डबा होता, स्कॅनर. काउंटीचे, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे, पोलीस आणि बंबवाले वायरलेसवर आपसात जे बोलतात ते त्यातून ऐकू यायचं. गावात निम्म्या घरांत असा डबा होता म्हणा. पण अर्लीनचा एकतीस वर्षं कधी बंदच झाला नाही, कारण त्यातला एक आवाज तिच्या नवऱ्याचा होता. ड्वेन, पोलीस, नंबर चौदा. "चौदा, घरी निघालो," असं ऐकलं की ही बटाटे उकडायला ठेवायची. साहेबांनी झापलंय की नुसती भूक लागलीय, हे तिला आवाजावरून कळायचं. घरात आला की बाबा तोंड उघडायचा नाही, मग बाई डब्यातूनच संसार करणार ना!

नुसती कान लावून बसणारी मात्र नव्हती हं. कुठे आग लागली की थर्मास भरून, कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन बंबामागोमाग हजर. मागच्या वसंतात ओढा फुगला, तेव्हा पोलिसांचं बोलणं ऐकून खालच्या आळीतल्या अकरा घरांना हिनेच फोन केले.

तर एक ऑगस्टला काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, शेरीफ टॉड, याने पोलिसांच्या बोलण्याला कुलूप घातलं. बंबवाल्यांचं तेवढं उघडं ठेवलं, बाकी डब्यात नुसती खरखर. आणि सप्टेंबरात, निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेला ड्वेन गेला.

तिथे पद्धत अशी, की पोलीस गेला की दफन झाल्यावर दुपारी वायरलेसवर त्याचा नंबर तीनदा पुकारतात. उत्तर येत नाही. मग कंट्रोलवाली सांगते, याची पाळी संपली. तेवढा वेळ दुकानदार गल्ला सोडतो, शेतात ट्रॅक्टर थांबतो. सगळं गाव ऐकतं. अर्लीनला तेवढंच हवं होतं. आपल्या स्वयंपाकघरात, त्याच डब्यातून. तिने टॉडला फोन लावला.

"काकू, रेकॉर्डिंग पाठवतो ना," टॉड म्हणाला. "फोनवर हवं तितक्यांदा ऐका."

"दफनाला तरी स्वतः येणारेस, की तिथेही रेकॉर्डिंगच?"

"अहो, गुन्हेगार ऐकतात!"

"कोण गुन्हेगार? ही म्हातारी बेटी? तिला दाराची बेल ऐकू येत नाही! गेल्या दोन वर्षांत एक गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं, तेही डब्यावर ऐकून मीच शोधून दिलं."

"लोकांची नावं, पत्ते बाहेर जातात, काकू. त्यांनाही अब्रू आहे."

"मग तेवढं फोनवर बोला! सगळ्या गावाच्या कानात बोळे कशाला?"

टॉडने तिला एक दिवसापुरता पोलिसी वायरलेस देऊ केला. "मला एकटीला नको," म्हणाली आणि फोन आपटला.

मंगळवारी काउंटीच्या बैठकीत ती डबा काखोटीला मारून गेली. तिथे कुणालाही उठून बोलायला तीन मिनिटं मिळतात. अर्लीनने प्लग लावला, पोलिसांचा चॅनल धरला, डबा टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. खर्रर्रर्र. एक शब्द नाही. कुणी खोकलं, कुणी पाणी प्यायलं.

"बाई, जरा बंद करता का ते?" अध्यक्ष क्लासेन वैतागले.

"बंद तुम्ही केलंय. मी फक्त ऐकवायला आणलंय."

पुरती तीन मिनिटं ऐकवलं. मग क्लासेन म्हणाले, "धन्यवाद. पुढचा विषय, रस्त्याची खडी." झालं! खडीवर पाऊण तास बोलले मेले. अर्लीन लाल होऊन बाहेर पडली. मागच्या खुर्चीत कंट्रोलवाली जॉनेल बसली होती. वीस वर्षं ड्वेनशी वायरलेसवर बोललेली, अर्लीनचे कोलाचे खाल्लेली.

दफन झालं. दुपारी दोनला अर्लीनच्या स्वयंपाकघरात बेटी, शेजारचा आल्विन, आणखी पाचसहा जण कॉफी घेऊन अवघडून बसले होते. डबा खरखरत होता. एवढ्यात आल्विनच्या कमरेचा पेजर किंचाळला. तो बंबावरचा स्वयंसेवक. गावातल्या सगळ्या स्वयंसेवकांचे पेजर त्याच क्षणी किंचाळले, आणि बंबवाल्यांच्या चॅनलवरून जॉनेलचा आवाज डब्यातून स्वच्छ आला.

"चौदा."

कुणी हललं नाही.

"चौदा."

बेटीने कप खाली ठेवला.

"चौदा... उत्तर नाही. चौदा घरी निघाले. इथून पुढचं आम्ही बघतो, ड्वेन."

अर्लीन उठली, पातेल्यात पाणी घातलं आणि बटाटे धुवायला लागली. कुणी तिला थांबवलं नाही.

टॉडने जॉनेलकडून लेखी खुलासा मागितला. तिने लिहिलं, चुकून बंबाचं बटण दाबलं गेलं.

"सलग तीनदा?" त्याने विचारलं.

"बोटं जाड आहेत, साहेब. कोलाच्यांनी."

वाटलं, आता तरी अर्लीन गप्प बसेल. ती दुसऱ्याच दिवशी काउंटीच्या कचेरीत गेली आणि पुढच्या बैठकीसाठी नाव लिहायला लागली.

"काकू, पुकारा ऐकलात ना?" खिडकीतला कारकून म्हणाला. "आता काय राहिलं?"

"माझ्या नवऱ्याचं झालं रे," अर्लीन म्हणाली. "ओढा पुन्हा फुगेल तेव्हा त्या अकरा घरांना फोन कोण करणार, तू? लिही. वोबोरिल. तीन मिनिटं. आणि प्लग चालू आहे का ते बघून ठेव."