डिझाईनसह

मॅनेजरनं पेनड्राईव्ह माझ्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. "मालक, तेवढी ओपन फाईल टाका याच्यात. सरांनी सांगितलंय."

मशीनवर त्यांचंच माहितीपत्रक चालू होतं. लातूरच्या एका कोचिंग क्लासची नांदेडला नवी शाखा निघत होती. माहितीपत्रकं, होर्डिंग, वह्यांची कव्हरं, मुलांच्या बॅगेवरचा लोगो असं सगळं छापायचं काम नांदेडच्या माझ्या प्रेसला मिळालं होतं. सर म्हणजे त्या क्लासचे संचालक. आणि हे सगळं डिझाईन केलं होतं रेणुकानं.

ओपन फाईल म्हणजे काय ते आधी सांगतो. डिझायनर गिऱ्हाइकाला नमुना दाखवतो तो फोटोसारखा असतो. बघता येतो, बदलता येत नाही. ओपन फाईलमध्ये अक्षरं, फोटो, रंग सगळं सुटं असतं. कुणीही उघडावं आणि हवं ते बदलावं. नमुना म्हणजे भाजलेली भाकरी, ओपन फाईल म्हणजे पीठ. पीठ एकदा गिऱ्हाइकाच्या हाती गेलं की भाकऱ्या त्याच्या त्यानं थापाव्यात, तुमची गरज संपली.

आमच्या भागात स्वतंत्र काम करणाऱ्या डिझायनरच्या हातात एवढीच एक गोष्ट असते. करार कुणी करत नाही. लेखी मागितलं तर "आमच्यावर भरोसा न्हाई का?" असं ऐकावं लागतं आणि काम दुसरीकडं जातं. म्हणून नांदेड-लातूरच्या डिझायनर मुलामुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी काढला होता. त्यात एकच नियम मी पुन्हा पुन्हा लिहायचो. पूर्ण पैसे आल्याशिवाय ओपन फाईल सोडायची नाही. मुलं मला मानायची. तीसेक वर्षं छपाईत गेलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकायची.

रेणुकाही त्याच ग्रुपमध्ये होती. मूळची देवणीची. पुण्यात एका जाहिरात कंपनीत चांगल्या पगारावर होती. आईला लकवा मारला तेव्हा नोकरी सोडून आली आणि लातूरला एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. देवणीत राहून हे काम मिळत नाही आणि लातूरहून गावी केव्हाही जाता येतं, असा तिचा हिशोब. आईची जीभ जड झाली होती. ती काय बोलते ते घरात फक्त रेणुकाला कळायचं. वडलांना नाही, भावाला नाही. हे तिनंच मला एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. आठवड्यातून दोनदा ती गावी जायची. आई चार दिवसांचं बोलणं तिच्यासाठी साठवून ठेवायची म्हणे.

घरी तिनं सांगून ठेवलं होतं, हे क्लासचं काम मार्गी लागलं की मी इथंच राहिले म्हणून समजा. कॉम्प्युटर हप्त्यावर होता, खोलीचं भाडं थकलं होतं. सगळी भिस्त या एका बिलावर होती.

तर ती फाईल माझ्याकडं आली कशी? तिनं पाठवलेल्या बंद फाईलमध्ये माझ्या मशीनला जोडाक्षरं तुटत होती. 'विद्यार्थी' फुटून त्याचे तुकडे व्हायचे. मराठी फॉन्टचं हे जुनं दुखणं आहे. मी तिला म्हणालो, ओपन फाईल पाठव, मी इथंच नीट करून घेतो. तिनं पाठवली. "काका, पैसे आले न्हाईत अजून. तुमच्यापाशीच राहू द्या." मी हसलो. "अगं, नियम मीच शिकवलाय की."

आता मॅनेजर समोर बसला होता. मी त्याला म्हणालो की बाईंचे पैसे द्या, फाईल त्याच देतील. त्याला राग आला नाही. त्यानं चहा मागवायला लावला आणि सांगितलं, सर यंदा सगळ्या नोट्स बाहेर छापून घेणार आहेत. दोन्ही शाखांच्या. वर्षभराचं काम आहे, दोन-तीन प्रेसवाले मागं लागून राहिलेत.

"पोरीचं आम्ही बघून घेऊ, मालक. ती काय पळून चाललीय का, का आम्ही?"

रेणुकाला एक फोन करता आला असता. केला नाही, कारण ती नाही म्हणाली असती. फाईल पेनड्राईव्हवर उतरायला काही वेळच लागला नाही. चहा यायच्या आत झालं.

पुढं सगळं नेहमीसारखं घडलं. रेणुका फोन करायची, सर मीटिंगमध्ये असायचे. मग अकाउंटवाला रजेवर. मग बिल वेगळ्या नावानं करून पाठवा. मग कुणी फोन उचलेना. दरम्यान क्लासच्या ऑपरेटरनं तिचंच डिझाईन उघडून मुलांचे फोटो बदलले, रंग बदलला आणि नवी होर्डिंगं लावली. ती एका कामासाठी नांदेडला आली तेव्हा बसमधून तिला ते दिसलं. तिथूनच मला फोन केला.

"काका, माझी फाईल त्यांच्याकडं गेली कशी?"

मी म्हणालो, चौकशी करतो. असंच म्हणालो. ती "बरं" म्हणाली. तिला कळलं होतं. फाईल दोनच ठिकाणी होती.

तिनं भांडण केलं नाही. लातूरच्या एका वकिलांकडं गेली. आपल्याकडं कायदा आहे. छोटा व्यावसायिक उद्यम म्हणून नोंदलेला असला तर त्याचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या वर अडकवता येत नाहीत. तक्रार करता येते, व्याजही मागता येतं. तिची नोंदणी होती, ग्रुपवरच्या माझ्याच सांगण्यावरून केलेली. वकिलांनी नोटीस पाठवली.

क्लासचं उत्तर आलं की आमचा या बाईंशी काही व्यवहार नाही. डिझाईन प्रेसनं करून दिलं आणि प्रेसचे पैसे आम्ही चुकते केले आहेत. सोबत माझ्या बिलाची प्रत. त्यावर लिहिलं होतं, 'माहितीपत्रक छपाई, डिझाईनसह.'

हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आमच्या बिलाचा साचाच तसा आहे. माझ्या प्रेसवर मोठा बोर्ड होता, 'छपाईसोबत डिझाईन मोफत'. पलीकडच्या प्रेसवाल्यानं लावला म्हणून मी लावला आणि माझा बघून पुढच्यानं. पत्रिका छापा, डिझाईन फुकट. अहवाल छापा, डिझाईन फुकट. इतकी वर्षं आम्ही लोकांना हेच शिकवलं. मग कुणी डिझाईनचे वेगळे पैसे मागितले की त्यांना ती लबाडी वाटते. ग्रुपवर नियम लिहिणारा मी रोज त्याच बोर्डाखालून आत जात होतो.

रेणुका प्रेसवर आली. वकिलांनी एकच कागद मागितला होता. डिझाईन रेणुकाचं आहे, फाईल तिनं पाठवली, बिलातला मजकूर चुकीनं गेला, एवढं माझ्या लेटरहेडवर.

आत मशीनवर नोट्स चालू होत्या. आवाज तिलाही येत होता.

मी म्हणालो, "देतो ना. देणार न्हाई असं कुठं म्हणतोय? जरा सीझन निघू दे."

तिनं मशीनकडं बघितलं. "काका, सीझन माझाही होता."

चहा सांगतो म्हणालो तर नको म्हणाली. तीनची बस होती.

नोट्सचं बिल माझ्या खात्यात जमा झालं त्याच दिवशी मी ते पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं, काही लपवलं नाही. फाईल मीच दिली हेही त्यात घातलं. स्वतः लातूरला जाऊन वकिलांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "पक्षकार आता नको म्हणतात. पुण्याला गेल्या त्या, नोकरीवर. हेच पत्र तेव्हा असतं तर बरं झालं असतं."

मी तिला फोन केला, उचलला नाही. मेसेज केला, त्याला दोन निळ्या खुणा आल्या. मग तिच्या बिलाएवढी रक्कम पाकिटात घातली आणि उदगीरमार्गे देवणीला गेलो.

वडील घरीच होते. मी प्रेसवाला म्हटल्यावर बसायला टाकलं. पोरगी तुमचं नाव घ्यायची, म्हणाले. काय म्हणून घ्यायची ते विचारायची हिंमत झाली नाही. पाकीट पुढं केलं तर ते हात लावेनात. "तिला इचारतो," म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. या वेळी तिनं उचलला, कारण फोन वडलांचा होता.

मागं ऑफिस दिसत होतं. मी पाकिटाचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, पैसे तुमच्याकडं न्हवते अडकले. परत न्या ते."

एवढ्यात आतल्या खाटेवरून आई काहीतरी बोलू लागली. माझ्याकडं बघूनच बोलत होती. बराच वेळ. मला एकही शब्द लागला नाही. मी वडलांकडं पाहिलं.

"आमाला न्हाई उमगत," ते म्हणाले. "पोरीलाच समजायचं. ती गेल्यापासून ही बोलायचीच कमी झालीय. आज लई दिसानं बोलून राहिली."

त्यांनी फोन खाटेजवळ नेला. आई पुन्हा बोलली. रेणुका ऐकत होती. तिनं मान खाली घातली, मग वर केली.

"ती म्हणतीय, पाव्हणे लांबून आलेत. चहा घेतल्याबिगर जाऊ देऊ नका."

मी चहा घेतला. पाकीट परत आणलं.

प्रेसवरचा तो बोर्ड आता काढलाय. बिलात छपाईचा एक आकडा असतो, डिझाईनचा दुसरा, आणि शेजारी डिझायनरचं नाव. तीन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली. क्लासच्या नोट्स यंदा पलीकडच्या प्रेसला गेल्या, तिथं अजून डिझाईन मोफत आहे.

ग्रुप चालू आहे. रेणुका त्यातून बाहेर पडली. नवी मुलं येतात, नियम विचारतात. नोंदणी करा, कामाआधी थोडे तरी पैसे घ्या, ठरलेलं सगळं निदान मेसेजवर लिहून घ्या, एवढं सांगतो. आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय ओपन फाईल कुणालाही देऊ नका. जोडाक्षरं तुटली तर तुटू द्या, स्वतः येऊन नीट करून जा. छापणारा ओळखीचा असला तरी देऊ नका. मलाही देऊ नका.