वहीच्या शेवटच्या पानावरचा तीळ

गळ्यात कायम टेप, म्हणून गल्लीत तिचं नाव टेपताई. फ्रॉक असो की पडदा, माप घेतलं की वहीत लिहिलंच. स्वतःच्या आठवणीवर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

पाचवा महिना लागला आणि पोटरीवरचा जुना तीळ काळवंडला. सासूबाईंनी हात झटकून निकाल दिला, "अगं, पोटुशीला सगळंच काळं पडतं. माझी मान तर तव्यासारखी झाली होती!" नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनीही बघितल्यासारखं केलं. "हार्मोन्स, हार्मोन्स. बाळंतपण झालं की बघू."

टेपताईने वाद घातला नाही. घरी येऊन तिळाला टेप लावली आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, चार मिलिमीटर. पंधरा दिवसांनी पाच. महिन्याने सात, आणि एका बाजूची कड उसवल्यासारखी.

वही घेऊन ती परत गेली. "बाई, हा तोवर थांबेलसं वाटत नाही."

पान वाचता वाचता बाईंचे हार्मोन्स गप्प झाले. त्याच दिवशी त्यांनी तिला कातडीच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिळाचा तुकडा तपासला आणि निदान आलं : मेलानोमा, कातडीचा कॅन्सर. अजून वरवरचा, पण कॅन्सरच.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. टेपताईने सर्जनना एवढंच विचारलं, "बाळाला काही?"

"तेवढीच जागा बधिर करू. बाळाला धक्का नाही. पण तिळाभोवतीचं एक सेंटिमीटर जास्तीचं काढावं लागेल."

"म्हणजे शिवणीला ठेवतो तशी माया सोडून कापायचं. मग सांगा की सरळ!"

टेबलावर डाव्या कुशीवर पडून, मान वळवून ती टाके बघत होती. "डॉक्टर, तिसरा जरा लांब पडला." नर्स फिसकन हसली. सर्जननी मुकाट्याने तो उसवून पुन्हा घातला.

मग रिपोर्टचे आठ दिवस. शिवणाचं मशीन बंद. नवऱ्याने केलेला चहा समोर गार व्हायचा. पोटात लाथ बसली की ती म्हणायची, "हां, आहेस ना? बस झालं."

नवव्या दिवशी कळलं, काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ, मागे काही राहिलं नाही. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि खबरदारी म्हणून बाळंतपणात बाळामागून पडणारी वारही तपासायची.

घरी येऊन तिने सातच्या खाली लिहिलं, 'काढला'. तेवढ्यात सासूबाई बाही सरकवत जवळ आल्या.

"हा दंडावरचा... मोजतेस का जरा? उगीचच आपलं."

"या आई, उजेडात बसा," म्हणत टेपताईने गळ्यातली टेप काढली.