माकण्णीचं मीठ

तेनमलै डोंगराच्या नायकाकडे माकण्णी तीस वर्षं रांधत होती. नायकाचा हात सैल, आणि तिची जीभ त्याहून सैल. धान्य आलं की तो वाटून मोकळा व्हायचा. रित्या मडक्यांशी झुंजायची ती ही बाई.

त्या दिवशी सकाळी अकरा गवई आले. हरणाचं मांस होतं, राळा होता, मध होता. मीठ मात्र नव्हतं.

"शेवटचं गाडगं कुणी दिलं?"

"कालच्या पाहुण्यांनी मागितलं, अक्का," नायक म्हणाला.

"उद्या मला मागतील. द्याल?"

तो हसला, पण माकण्णीला पुढचं दिसत होतं. अळणी जेवलेला गवई पुढच्या डोंगरावर काय गाईल? नायकाचं नाव जाईल आणि तिच्या चुलीचंही.

दुपारी घाटाखाली मिठाच्या गाड्या थांबल्या. माकण्णी मधाचा बुधला घेऊन धावली. गाडीवरच्या नेय्दली नावाच्या मीठवालीनं नकारार्थी मान हलवली.

"भात द्या, मीठ घ्या, मापाला माप. मध काय बैलांना चाटवू?"

कोठारातला भात नायकानं केव्हाच वाटला होता. माकण्णी त्याला शिव्या घालत परतली.

दिवेलागणीला फाटक लावण्याआधी राखणदारानं रोजची हाक दिली, "कुणी जेवायचं राहिलंय का?" ही हाक ऐकून न येणं म्हणजे घराचा अपमान. एरवी ती ऐकली की माकण्णी कपाळाला हात लावायची. आज मात्र ती फाटकात गेली.

"पुन्हा ओरड. त्या गाड्यांकडे तोंड करून."

नेय्दली नवऱ्याला घेऊन आली, गवयांच्या पंगतीत बसली. पहिला घास तोंडात गेला आणि ती थांबली.

"अगं बाई, हे तर अळणी आहे."

"आहेच. मीठ तुझ्या गाडीत आहे."

माकण्णी पळी घेऊन तशीच उभी राहिली. नेय्दलीनं तिच्याकडे रोखून पाहिलं, मग नवऱ्याला म्हणाली, "जा, एक पोतं आण. पानावर बसून माप धरत नाहीत."

मग गवयांनी तीनतीनदा वाढून घेतलं. माकण्णीला इतकं हायसं वाटलं की ती चुलीशीच फतकल मारून बसली.

"अक्का," नायक बोटं चाटत म्हणाला, "लोक माझं मीठ खातात. आज मी पाहुण्यांचं खाल्लं. जन्मभर जागायला हवं."

"जागा की," माकण्णी म्हणाली, आणि उरलेल्या मिठाचं गाडगं त्याचा हात पोचणार नाही अशा आढ्याला टांगायला उठली.