खाकरायला जागा

घराचा नकाशा पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा त्यात आतल्या भिंती फारच थोड्या होत्या. प्लॉट बुऱ्हाणपूरच्या बाहेरच्या अंगाला, पंचवीस बाय चाळीस, पूर्वेकडे रस्ता. मागे दोन खोल्या, त्यांच्या मध्ये न्हाणी, आणि पुढचा सगळा भाग एकच. बसायचं तिथे, जेवायचं तिथे आणि स्वयंपाकही तिथेच.

हा आग्रह बायकोचा होता. ती शाळेत शिकवते. भाड्याच्या घरात तिची संध्याकाळ स्वयंपाकघरात जायची आणि घरातल्या गप्पा पलीकडच्या खोलीत चालायच्या. अर्धं तिला भिंतीआडून ऐकू यायचं, उरलेलं विचारून घ्यावं लागायचं. "या घरातली बातमी मला दुसऱ्या दिवशी कळते," असं ती म्हणायची. माझ्यासारख्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाच्या घरात ही तक्रार गंभीर होती. भिंत काढायचं ठरलं.

घर बांधण्याचं मूळ कारण मात्र आई-बाबा होते. ते फोपनारला, आमच्या गावी, राहत. केळीची बाग धाकट्या भावाने सांभाळायला घेतली होती आणि बाबांचे गुडघे आता सरींमधून चालू देत नव्हते. दोघांनी आमच्याकडे राहायला यायचं, असं घरात एकमताने ठरलं होतं. एकमत नकाशा येईपर्यंत टिकलं.

इथे गावाकडची एक रीत सांगायला हवी. बाबा स्वयंपाकघरात थेट कधी जात नसत. ओसरीवरून उठायचे, मधली खोली ओलांडायचे, दाराशी थांबायचे आणि खाकरायचे. आत सुना डोक्यावर पदर घ्यायच्या, पसरलेले पाय आवरायच्या, हसणं अर्ध्यावर सोडायच्या. तेवढा वेळ देऊन बाबा आत पाऊल टाकायचे आणि पाणी मागायचे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडच्या घराघरांतून असंच चालत आलेलं आहे. सासऱ्याचं खाकरणं कोणतं आणि त्याला झालेला खोकला कोणता, हे सुनांना झोपेतही ओळखता येतं.

भूमिपूजन झाल्यावर मिस्त्रीने चुन्याची फक्की टाकून जमिनीवर घर आखलं. ते पाहायला आई-बाबा फोपनारहून आले. बाबा पुढच्या दरवाज्यासाठी सोडलेल्या जागेपाशी आले, मातीतच चपला काढल्या आणि आत शिरले. बायको दूर, मागच्या रेघेपाशी पाठमोरी उभी राहून टेपने ओट्याची लांबी मोजत होती. बाबा तिच्या दिशेने चालत गेले. मोकळ्या जमिनीवर, ऐन उन्हात, कुठलीच रेघ नसलेल्या एका जागी ते थांबले आणि खाकरले.

बायकोचा हात आपोआप वर गेला. तिने ओढणी डोक्यावर घेतली. हातातून सुटलेली टेप खर्रकन डबीत परत गेली.

सगळ्यात आधी मिस्त्री हसला. "बाऊजी, दीवार तो नक्शे में भी नहीं है!"

आई विटांच्या थप्पीवर बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. बायकोने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली आणि मला विचारलं, "सैपाकघराचं दार कुठी हाये?"

"दार नाही, बाबा. सगळं मोकळंच ठेवायचंय."

"मंग मी खाकरू कुठी? का रस्त्यावरूनच खाकरत येऊ?"

बाबांनी चपला पायांत घातल्या. "तुम्ही राहा तुमच्या मैदानात. मी केळीत बरा."

"खुशाल राहा," आई म्हणाली. "मी तर येतेच. तिकडं भाकरी कोन देईन, तेवढं पाहून ठेवा."

आई हे सगळ्यांसमोर म्हणाली. मिस्त्री चहाला गेल्यावर मात्र तिने बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना सोडून मले नाही येता यायचं, बाई. पाहा काही जमते का."

म्हणजे ते आले नाहीत तर आईही येणार नव्हती आणि ज्यांच्यासाठी घर बांधायचं तेच घरात नसणार होते.

पुढच्या दिवसांत बरेच उपाय सुचवले गेले. लाकडी जाळी, कमरेएवढी भिंत, पडदा. मिस्त्री भिंतीच्या बाजूचा होता. भिंत नसली की वर बीम टाकावा लागतो आणि बीम म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडत. "साहब, दीवार ही डाल दो. घर में शांती भी रहेगी और स्लैब भी," हे त्याचं रोजचं म्हणणं. पडद्याची कल्पना मी फोनवरून बाबांच्या कानावर घातली.

"पडदा? वाऱ्यानं उडन तो. मी काय पडद्याले खाकरू?"

तेव्हा बायको म्हणाली, आपण सगळे त्यांना उपाय सुचवतोय, अडचण काय आहे ते कुणी विचारलेलं नाही. एका रविवारी आम्ही फोपनारला गेलो. ओसरीवर बाबा खाटेवर, आई जोत्यावर आणि बायको आईशेजारी बसली. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून हातभर अंतरावरच्या माणसाशी सगळं बोलणं आईच्या मार्फत झालं.

"आई, बाबांना विचारा, मी पदर घेतला नाही तर त्यांना राग येईल का?"

आईने तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तिले सांग, पदराचं काय करू मी? शाळेत ती पोरांसमोर पदर घेऊन शिकवते काय?"

"मग त्यांना विचारा, भिंत कशाला हवी?"

"तिले सांग, बाई मानूस आपल्या कामात असते. कशी बी बसलेली असते, पाठमोरी असते. गुपचूप मागं जाऊन उभं राहनं बरं दिसते का? तिनं दचकावं अन् मी चोरावानी उभं राहावं?"

"सांगू का आता?" आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "का पोचलं?"

परतताना बायको मोटारसायकलवर माझ्या मागे बसली होती. केळीचे घड भरलेल्या एका ट्रकमागे आम्ही बराच वेळ रेंगाळलो. शहर जवळ आल्यावर तिने माझ्या खांद्यावर थाप मारली. "पाठमोरी," ती म्हणाली. "आपला ओटा मागच्या भिंतीला आहे. म्हणून मी पाठमोरी. ओटा फिरवू."

घरी येताच तिने नकाशा काढला. ओटा मागच्या भिंतीपासून सोडवून पुढे घेतला, शेगडीमागे उभं राहणाऱ्याचं तोंड पुढच्या दरवाज्याकडे केलं. येणारा माणूस उंबऱ्यावर असतानाच तिथून दिसणार होता. नळाचं पाणी आणि भांडी घासायची जागा मागच्या भिंतीलाच राहिली. दरवाजा पूर्वेला असल्यामुळे स्वयंपाक करणारीचं तोंड आपोआप पूर्वेकडे झालं. फोनवर हे ऐकून आई म्हणाली, "मी पहिल्यापासून हेच सांगत होती." ती हे कधीच म्हणाली नव्हती, पण तिला कुणी खोडलं नाही.

मिस्त्रीला गॅसची नळी फरशीखालून न्यावी लागणार होती आणि बीम टळणार नव्हताच. "रसोई में खड़े होकर दरवाज़ा देखना है? दुकान खोल रहे हो क्या, भाभी?"

"हो," बायको म्हणाली. "उधारी बंद."

बाबांनी बदल ऐकून घेतला. "पाहू," एवढंच म्हणाले. वास्तुशांतीला ते आले ते एका पिशवीत दोन धोतरं घेऊन. चार दिवस राहून परत जाणार, हे त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं. आईनेही सामान बेताचंच आणलं होतं.

पहिले दोन-तीन दिवस बाबा बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. चहा तिथेच, पेपर तिथेच. समोरच्या प्लॉटवर चरणाऱ्या शेळ्यांची त्यांना नको इतकी माहिती झाली. आत यायचं झालं तर भिंतीच्या कडेकडेने मागच्या खोलीत जात, परक्याच्या लग्नघरात चुकून शिरल्यासारखे. आई जेवताना मला म्हणाली, "पिशवी भरून ठेवली यांनी."

त्या संध्याकाळी बायको कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती. भरतासाठी भाजलेली वांगी ताटात निवत ठेवली होती. आई टेबलाशी बसून लसूण सोलत होती. बाबांना पाणी हवं होतं आणि आमचं कुणाचंच बाहेर लक्ष नव्हतं. ते उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. बायकोने ओट्यापलीकडून मान वर केली, त्यांना पाहिलं, आणि सवयीने तिचा हात डोक्याकडे निघाला. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेला होता.

"पिठाचा हात डोक्याले नको लावू," बाबा म्हणाले. "भाकरीत केस येईन."

हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं. थेट तिलाच सांगितलं होतं. आईची लसूण सोलणारी बोटं थांबली.

बायकोने हात खाली घेतला. "मग बाबा, तिथे उभे राहू नका," ती म्हणाली. "वांगी सोला. माझे हात भरलेत."

"यांनी?" आई म्हणाली. "उभ्या जन्मात कधी वांगं सोललं नाही यांनी."

"तू थांब," बाबा म्हणाले. ते टेबलाशी येऊन बसले, बाह्या सारल्या आणि पहिल्याच वांग्याने बोटं पोळून घेतली. सालीचे काळे तुकडे ताटात कमी आणि टेबलावर जास्त पडले. वांगी गॅसवर भाजली, कपाशीच्या काड्यांवर नाही, म्हणून त्यांनी नावं ठेवली. मिरची कमी आहे म्हणाले. वांगी फोपनारची नाहीत, हे त्यांना वासावरून कळलं होतं. बायकोने प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलं आणि एकदाही "आई, बाबांना सांगा" म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर बाबांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि भावाला लावला. "माझी खाट टाकून दे उद्याच्या गाडीत," ते म्हणाले. "हो, ओसरीवरची. अन् तुझ्या मायचे पातळं बी."

फोन ठेवल्याबरोबर खाट कुठे ठेवायची यावर वाद सुरू झाला. नकाशात खाट नव्हती. बाबांना ती ओट्यासमोर हवी होती, म्हणजे भाकरीवर लक्ष राहील. बायकोने कपाटातून टेप काढली आणि दरवाजा ते टेबल मोजायला घेतलं. दुसरं टोक बाबांच्या हातात होतं.

"सरळ धरा," ती म्हणाली.

"सरळच हाये," बाबा म्हणाले. "फरशी तिरपी हाये तुमची."